गुडघ्यामागचे दुखणे चोळण्याआधी तपासावे

महोदय,

सप्तशृंगगडाच्या किंवा ब्रह्मगिरीच्या पायऱ्या उतरून आल्यावर गुडघ्याच्या मागे दुखू लागले, की घरोघरी तेल लावून पोटरी जोरात चोळली जाते, आणि त्याचीच मला काळजी वाटते. बहुतेकदा मांडीच्या मागील स्नायूंवर ताण आलेला असतो. तो विश्रांती, बर्फाचा शेक आणि नंतर हळूहळू वाढवलेला व्यायाम यांनी बरा होतो. उतारवयात संधिवातामुळे सांध्यातील द्रव मागे साचून मऊ गाठ येते. ही 'बेकर्स सिस्ट' सहसा निरुपद्रवी असते, मात्र सुईने द्रव काढला तरी मूळ संधिवातावर उपचार न केल्यास ती पुन्हा भरू शकते.

खरा धोका शिरेतील रक्ताच्या गुठळीचा आहे. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहिल्यानंतर, तर ती मुळीच चोळू नये, कारण गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास जीवावर बेतू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. यात्राकाळातील वैद्यकीय मदत केंद्रांवर ही सूचना ठळक अक्षरांत लावावी, अशी जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला विनंती आहे.

एक वाचक, नाशिक