दंड वाढवून भागणार नाही

नागपूर

चि. अथर्व यास,
अनेक आशीर्वाद.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा दंड 50 हजार करा, म्हणजे लोक सुधारतील, असं तू लिहिलंस. शिक्षा कडक हवी, हे मलाही मान्य आहे. पण दंड याआधी वाढवून झाला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्या गुन्ह्याला 2 हजारांपर्यंत दंड होता. 2019 च्या दुरुस्तीने तो 10 हजार झाला, पुढच्या गुन्ह्याला 15 हजार. कैदही आहे: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत, नंतर दोन वर्षांपर्यंत. पण कमीत कमी किती दिवस आत ठेवायचं हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि कैदेऐवजी नुसता दंडही चालतो. पैसेवाला पैसे भरून मोकळा होतो. दुसऱ्या गुन्ह्याला किमान कैद असलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

न्यायालयाने दोषी ठरवलं की परवाना किमान सहा महिने जातो. त्याची भीती दंडापेक्षा जास्त वाटायला हवी. पण निकाल लागेपर्यंत गाडी चालूच राहिली, तर भीती कशाची?

खरी गळती पुराव्यात आहे. नाकाबंदीत यंत्रात फुंकायला लावतात. 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल दिसलं की गुन्हा. फुंकायला नकार दिला तरी सुटका नाही. तो नकारच न्यायालयात विरोधात जातो. अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर माणसाला सोडावं लागतं, असं कायदाच सांगतो. ही मुदत उगाच नाही. यकृत दर तासाला 100 मिलीलीटर रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅम अल्कोहोल संपवतं. अपघाताच्या वेळी 90 असलेला माणूस चार तासांनी मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत पोहोचला, तर अहवालात 30 च्या आसपासच आकडा येणार. शिक्षा कितीही कडक करा, तो सुटला.

रक्त घेतानाही चुका होतात. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसली की बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. तिथे अल्कोहोल नसलेलं जंतुनाशकच वापरायचं. बाटलीत सोडियम फ्लोराइड नसेल तर साठवणीत जंतूंमुळे अल्कोहोलचं प्रमाण बदलतं. सील, सही, वेळ यांतलं एक जरी चुकलं तरी प्रयोगशाळेच्या अहवालावर बोट ठेवता येतं. पुण्यात मे 2024 च्या पोर्शे अपघातानंतर रक्ताचे नमुनेच बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली, हे तू तिथे राहून वाचलंच असशील.

आणि नमुना नीट असला की काय होतं, तेही बघ. नोव्हेंबर 2006 मध्ये मुंबईत कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. चालकाच्या रक्तात 112 मिलिग्रॅम निघालं होतं. खालच्या न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध, म्हणजे जीव जाऊ शकतो हे माहीत असून केलेलं कृत्य, ठरवून तीन वर्षं केली, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सात जिवांना तीन वर्षं मला आजही कमी वाटतात. पण जी झाली, त्यात त्या अहवालाचा मोठा वाटा होता. आता भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत आणि सदोष मनुष्यवधाला दहा वर्षं किंवा त्याहून जास्त कैद होऊ शकते. प्यायला होता हे सिद्धच झालं नाही, तर मोठं कलम टिकवणं अवघड.

आता तुझ्या बेताबद्दल. थर्टी फर्स्टला अमरावती रोडच्या ढाब्यावर बसायचं आणि 1 तारखेला सकाळी सातला रामटेकला निघायचं, असं तुमचं ठरलंय. व्हिस्कीचा 60 मिलीलीटरचा एक लार्ज म्हणजे सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल. 70 किलोच्या माणसाने उपाशीपोटी घेतला तर रक्तात 40 च्या आसपास जातं, म्हणजे एकाच पेगात मर्यादा ओलांडली. 8 टक्क्यांची 650 ची स्ट्राँग बिअर याच्या दुप्पट. एक क्वार्टर, म्हणजे 180 मिलीलीटर, रिचवली तर आकडा सव्वाशेच्या घरात जातो आणि 30 च्या खाली यायला साडेसहा तास लागतात. वजन कमी असेल तर आणखी जास्त. तेवढी घेऊन रात्री एकला ग्लास ठेवणारा सकाळी सातलाही मर्यादेच्या वर असू शकतो, झोप झाली असली तरी. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी यकृताचा वेग वाढत नाही. वेलची किंवा पान खाऊन वास लपतो, पण यंत्र फुप्फुसातल्या हवेतलं अल्कोहोल मोजतं.

मित्राला किल्ली देतानाही सांभाळ. तो प्यायलाय हे माहीत असून गाडी चालवायला लावलीस, तर कलम 188 खाली तीच शिक्षा तुलाही आहे. गाडीचं नुकसान झालं तर विमा कंपनी तो दावा नाकारते.

म्हणून 31 ला गाडी घरीच ठेव. बार सुटतात तेव्हा मेट्रो बंद झालेली असते, त्यामुळे परतीची टॅक्सी आधीच ठरवा; ढाब्यावर गेल्यावर शोधू नका. रामटेकला गाडी कोण चालवणार हेही आधीच ठरवा, आणि त्याने रात्री थेंबही घ्यायचा नाही. असा कोणीच नसेल तर सातऐवजी दुपारी निघा. कोण चालवणार त्याचं नाव मला 30 तारखेपर्यंत कळव.

तुझे,
बाबा