रिकिबीआधी चंदीचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत मध्ययुगाच्या आरंभीच्या घोडदळावर आलेला लेख वाचला. रिकीब (खोगिराला लटकणारी, पाय टेकवायची कडी) आली, स्वाराला बळ आले आणि त्यातून सरदारांचा वर्ग उभा राहिला, असा त्याचा एकूण सूर आहे. युरोपच्या इतिहासाबाबत हे मत १९६०च्या दशकात गाजले आणि पुढे तिथल्याच अभ्यासकांनी ते बरेचसे मोडीत काढले. घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यात खटकते ते निराळेच. लेखातला घोडा काही खात नाही, पीत नाही, आजारी पडत नाही. आपल्या वडोदऱ्याच्या काळा घोडा चौकातल्या पुतळ्याचे तसे चालते, पागेतल्या जनावराचे चालत नाही.

आधी रिकिबीचे. पायाला टेकू मिळाला की स्वार बाजूला कलत नाही आणि उठून वार करू शकतो. भाला बगलेत दाबून धडक दिली तर धक्का मागच्या बाजूला बसतो. तो पेलते खोगिराची मागची उंच कड, आणि खोगीर मागे सरकू देत नाही तो घोड्याच्या छातीवरचा पट्टा. भाला असा धरण्याची रीत युरोपात ११व्या शतकाच्या अखेरीस रुळली. रिकीब तर तिथे पूर्वेकडून आलेल्या अवार या भटक्या घोडेस्वार लोकांबरोबर ६व्या-७व्या शतकातच पोचली होती. रिकिबीमुळे ही रीत आली म्हणावे, तर मधली चारशे वर्षे घोडे कुठे अडले होते?

खोगिराच्या आतला लाकडी सांगाडा आम्हाला रिकिबीहून मोलाचा वाटतो. तो ओझे कण्याच्या दोन्ही अंगांना वाटतो आणि कणा मोकळा ठेवतो. नुसती गादी तंगाने आवळली तर भार थेट कण्यावर येतो, मानेच्या मुळाशी चामडी सोलते, जखमेत पू धरतो आणि घोडा दोन-तीन आठवडे बाद होतो. मोहिमेवर अशी पाठ लागलेली जनावरे शत्रूने मारलेल्यांइतकीच निरुपयोगी.

आता घोडे नेमके कुठे पेंड खाते ते पाहू. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण ६-७ किलो सुकी वैरण आणि काम असेल तर २-३ किलो दाणा लागतो. पाणी ३०-४० लिटर, उन्हात त्याहून जास्त. त्याचे पोट अंगाच्या मानाने लहान, आणि त्याला ओकारी येत नाही. म्हणून चंदी, म्हणजे घोड्याचा खुराक, दोन-तीन वेळांना वाटून द्यावी लागते. आधी वैरण, मग पाणी, मग भिजवलेला किंवा भरडलेला हरभरा. घामाघूम घोड्यापुढे भरला तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) धरला की पोटशूळ उठतो. दाणा एकदम जास्त झाला तर तो न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, खुरांच्या आतला थर सुजतो आणि घोडा पुढचे पाय टाकेनासा होतो. हजार घोड्यांच्या तुकडीला महिन्याला सुमारे ७५ टन दाणा लागतो. गाडीत ५०० किलो धरले तर दीडशे बैलगाड्या झाल्या, वैरण वेगळी. एवढे धान्य ज्याच्या हुकमावर गोळा होते त्याचेच घोडदळ. जमीन, सारा आणि घोडा यांचे नाते इथे आहे.

युरोपातले आकडेही तेच सांगतात. राइनकाठच्या फ्रँक लोकांच्या जुन्या कायद्यात गाईची किंमत १ सोलिडस (तेव्हाचे सोन्याचे नाणे), घोडीची ३, आणि डोळस, धडधाकट घोड्याची १२ आहे. साखळी चिलखत १२, शिरस्त्राण ६, म्यानासह तलवार ७, पायांची कवचे ६, ढाल आणि भाला २. बेरीज ४५, म्हणजे एका सज्ज स्वारामागे ४५ गाई. ७५८ साली फ्रँक राजा पेपिनने सॅक्सन लोकांवर वर्षाला ३०० घोड्यांची खंडणी बसवली ती उगाच नव्हे. ७९१ साली त्याचा मुलगा शार्लमेन याच्या अवारांवरील मोहिमेत रोगाची साथ आली आणि हजारो घोड्यांपैकी जेमतेम दहावा हिस्सा उरला, असे इतिवृत्तात नोंदले आहे. घोडी ११ महिने गाभण राहते आणि शिंगरू स्वारीजोगे व्हायला ३-४ वर्षे जातात. तेव्हा अशी तूट घरच्या पैदाशीतून भरायची तर पाच वर्षे थांबावे लागते.

आपल्याकडे ती बरीचशी खरेदीने भरली जाई. हरयाणातील पेहोवा येथील ८८२-८३च्या शिलालेखात घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी विक्रीमागे ठरावीक रक्कम देवळांना द्यायचे मान्य केले आहे. हा मिहिरभोज या गुर्जर-प्रतिहार राजाचा काळ. या शिलालेखाच्या आधी, ८५१च्या सुमाराच्या एका अरबी वृत्तांतात ‘जुर्झ’च्या, म्हणजे गुर्जरांच्या राजाइतके उत्तम घोडदळ हिंदुस्थानात दुसऱ्या कोणाकडे नाही, असे म्हटले आहे. वडोदऱ्याच्या वाचकांना यात घरचा संदर्भ सापडेल. ८१२च्या ज्या ताम्रपटात या गावाचे ‘वडपद्रक’ हे नाव येते, त्यातच गुजरातचा राष्ट्रकूट राजा कर्क याचा बाहू मालव्याच्या रक्षणासाठी गुर्जरेश्वराच्या वाटेवरचा अडसर झाला, असे वर्णन आहे. ताम्रपटातले अंकोट्टक म्हणजे आजचे अकोटा. तिथल्या चौऱ्यांशी गावांच्या गटातले वडपद्रक हे एक गाव, आणि उत्तरेला घोडदळासाठी नावाजलेले राज्य.

समुद्रावरची वाहतूक जिकिरीची. २० दिवसांचा प्रवास आणि ४० घोडे धरले तर २४,००० लिटर गोडे पाणी जहाजावर हवे. त्यात घोड्याचे डोके उंच बांधून ठेवले तर श्वासनळीतला कफ खाली उतरत नाही आणि फुप्फुसाचा दाह होतो. आजही लांबच्या प्रवासात घोडे याने दगावतात. १३व्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो लिहितो, की ठाण्याच्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. तोच दक्षिणेतल्या माबारबद्दल, म्हणजे तमिळ किनाऱ्याबद्दल, सांगतो की तिथे घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस घालतात आणि ते फार मरतात. पोलोच्या सांगण्यात भर घातलेली असेलही, पण चोथ्याशिवाय पिठूळ अन्न घातले तर पोटशूळ आणि खुरांची सूज ठरलेली. शिवाय पावसाळ्यात चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग असतोच.

या व्यापाराचा माग भाषेतही राहिला. पाटणच्या हेमचंद्रांनी १२व्या शतकात ‘अभिधानचिंतामणी’त घोड्यांच्या रंगांची नावे दिली आहेत: पांढरा तो कोकाह, दुधाळ रंगाचा सेराह, तांबूस अंगाचा पण फिकट आयाळ-शेपटीचा वोल्लाह, चित्रविचित्र तो हलाह. यांतली बरीच नावे मूळची संस्कृत वाटत नाहीत, घोड्यांबरोबर व्यापाऱ्यांच्या तोंडून आलेली दिसतात. त्याच यादीत अष्टमंगल आहे. शेपटी, छाती, चार खूर, आयाळ आणि तोंड पांढरे, म्हणून आठ. चार पाय आणि तोंड पांढरे असलेला आपला पंचकल्याणी त्याचाच भाऊबंद. रिकीब, नाल, लगाम ही नावे अरबी-फारसीतून नंतर आली. पालाण (खोगीर) मात्र संस्कृत ‘पर्याण’पासूनचे, जुने. शब्द उशिरा आला म्हणजे वस्तूही उशिरा आली असे नाही. लगाम तर हजारो वर्षांपूर्वीपासून होताच, आणि त्याच्या तोंडातल्या कडीला संस्कृतात ‘खलीन’ म्हणत, जो शब्द ग्रीकातून आलेला.

शेवटचा मुद्दा लेखासोबतच्या चित्राचा. त्यात ८व्या शतकातल्या गुजरातच्या घोड्याच्या खुरांना खिळ्यांचे नाल ठोकलेले दाखवले आहेत. खिळ्यांचा नाल युरोपातसुद्धा ९व्या-१०व्या शतकापासून सर्रास दिसू लागतो. ओल्या जमिनीत खूर मऊ पडून झिजतो, तिथे त्याची गरज मोठी. आपल्या कोरड्या रानात खूर टणक राहतो. तेव्हा चित्र पुन्हा छापणार असाल तर नाल काढून टाकावेत, घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधावा आणि मागे वैरणीच्या गाड्या काढाव्यात, दीडशे मावल्या नाहीत तरी चार-पाच.

आपले,
अश्वपालन व पशुवैद्यकाशी संबंधित काही वाचक,
वडोदरा