आई-बाबा, या नाताळात जहाजावर चला

बडोदा, रविवार

ती. बाबा, ती. सौ. आई,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा, तुम्ही "आम्ही कशाला आता, तुम्ही मुलांना घेऊन जाऊन या" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. आईनं लगेच डिंकाच्या लाडवांचा विषय काढला. जहाजाचं राहूनच गेलं. म्हणून आज सगळं नीट लिहून पाठवते आहे. दोघं मिळून वाचा आणि मग काय ते सांगा.

मुलांना सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून मी तुम्हाला बोलावत नाही. मला तुम्ही हवे आहात. आपण हल्ली भेटतो ते कसे, बघा. मी इंदूरला आले की आई सकाळपासून ओट्याशी. पोहे आवरले की आमटी-भाताची तयारी, ती झाली की संध्याकाळी काय करायचं याचा विचार. तुम्हाला बडोद्याला आणलं तर मी ऑफिसात, मुलं शाळेत आणि क्लासला, आणि तुम्ही दोघं दिवसभर चौथ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये. रात्री नऊला सगळे एकत्र येतो तेव्हा बाबांचे डोळे मिटायला लागलेले असतात. एका घरात राहूनही बोलणं होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जहाजावर कुणाला कुठे जायचं नसतं, कुणाला रांधायचं नसतं. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं ऑफिसच्या लोकांबरोबर गेलो होतो, तेव्हा आमच्या शेजारच्या केबिनमध्ये साताऱ्याकडचं एक वयस्कर जोडपं होतं. ते काका-काकू रोज सकाळी डेकवर खुर्च्या टाकून बसायचे, तास-तासभर. काकू विणत असायच्या. मधेच काका काहीतरी सांगायचे आणि काकू सुया थांबवून ऐकायच्या. त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात तुमच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

आता कार्यक्रम. तुम्ही इंदूरहून अवंतिकेनं निघायचं. गाडी रात्री बडोद्याला येते, तिथे आम्ही चौघं त्याच डब्यात चढू. गुरुवारी सकाळी मुंबई, आत्याकडे दादरला मुक्काम. आई, मार्गशीर्षातला गुरुवार आहे हे माझ्या लक्षात आहे. घट, पूजा, कहाणी सगळं आत्याकडेच करायचं, तिच्याशी मी बोलले आहे, ती तर खूशच झाली. एक दिवस आधी पोचायचं कारण जहाज कुणासाठी थांबत नाही. शुक्रवारी, नाताळच्या दिवशी, दुपारी बॅलार्ड पियरला जहाजावर चढायचं. संध्याकाळी निघणार. शनिवार पूर्ण दिवस समुद्रात, रविवारी गोव्याला मुरगाव बंदरात, सोमवारी सकाळी परत मुंबई.

नाताळातच का, असं आई विचारेल. दोन्ही मुलांची शाळा आणि आमची दोघांची ऑफिसं एकदम मोकळी होतात तो हा एकच आठवडा. दिवाळीत इकडच्या घरचं असतं, मे महिन्यात उकाड्यानं बाबांना बाहेर काढवत नाही. शिवाय डिसेंबरात आपल्या बाजूचा अरबी समुद्र शांत असतो. वादळं येतात ती बहुतेक मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

बाबा, तुम्ही 'रामदास' बोटीचं नाव काढलंत. आजीनं सांगितलेलं तुमच्या मनात किती खोल बसलंय ते मला माहीत आहे. म्हणून मी ते वरवर उडवून लावणार नाही. 17 जुलै 1947 ला ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. आषाढातला दिवस, खवळलेला समुद्र, माणसांनी भरलेली छोटी आगबोट. सहाशेच्या वर माणसं गेली. त्या काळी हवामानाचा अंदाज आजच्याइतका नेमका मिळत नव्हता. आज हवामान खात्याचा इशारा आला की कप्तान मार्ग बदलतो किंवा निघतच नाही. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली आणि 1914 मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तेव्हापासून नियम कडक होत गेलेत. जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर प्रत्येक प्रवाशाला कवायत करावीच लागते. भोंगा वाजतो, सात लहान आणि एक लांब, मग आपापल्या ठरलेल्या जागी जायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते खलाशी दाखवतात. तुम्ही ते मन लावून बघाल याची मला खात्री आहे. तुम्ही पीडब्ल्यूडीत सगळी हयात पुलांवर घालवलीत, तर हेही वाचा: जहाजाच्या पोटाला, पाण्याच्या खाली, दोन्ही बाजूंना पंखांसारख्या फळ्या असतात. लाट आली की त्या आपोआप फिरतात आणि जहाजाचं डोलणं कमी करतात. पिण्याचं पाणीसुद्धा मोठ्या जहाजांवर समुद्राच्या पाण्यापासून तयार होतं.

आईला बोट लागेल ही भीती रास्त आहे. भेरूघाटातून खंडव्याला जाताना तिचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी केबिन मुद्दाम खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध मागितली आहे. हलणं सगळ्यात कमी तिथेच जाणवतं. वरच्या मजल्यावरच्या आणि अगदी पुढच्या-मागच्या केबिनमध्ये जास्त. केबिनला खिडकी आहे. मळमळलंच तर पुस्तक आणि मोबाइल बाजूला ठेवायचा, डेकवर यायचं आणि जिथे आभाळ पाण्याला टेकतं तिथे नजर लावायची. आल्याच्या वड्या मी करून आणते. गोळी घ्यायची की नाही, कुठली, ते डॉक्टरांना विचारूनच. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे त्यांनाही आपल्या मनानं काही द्यायचं नाही.

गुडघ्यांचं म्हणाल तर हाच प्रवास बाबांना सगळ्यात सोपा जाईल. रोज नवं हॉटेल नाही, बॅगा भरणं-उपसणं नाही, बसच्या उंच पायऱ्या नाहीत. सगळ्या मजल्यांना लिफ्ट आहे. धक्क्यावरून आत जाताना चाकाची खुर्ची मिळते, मी आधीच सांगून ठेवणार आहे, आणि बाबा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एकच गोष्ट सांभाळायची, न्हाणीघराचा उंबरठा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो चांगला वीतभर उंच असतो. रात्री झोपेत उठल्यावर पाय अडकतो. मी दाराशी चिकटपट्टी लावून देईन आणि आतला दिवा रात्रभर चालू ठेवू.

आई, देवांचं. केबिनमध्ये निरांजन किंवा उदबत्ती लावता येत नाही. जहाजावर आगीची धास्ती सगळ्यात मोठी, म्हणून उघडी ज्योत, इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, काहीच नेऊ देत नाहीत. हे तुला आधी सांगायलाच हवं, तिथे गेल्यावर कळलं असतं तर तुझं मन दुखावलं असतं. तू अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण डबीत घालून घे, त्यांच्यासाठी छोटं वस्त्र घे. सकाळी खिडकीशी टेबलावर मांडू, फुलं मी मुंबईतून घेईन, गंध-अक्षता आणि नैवेद्याला साखर. घरचे शिजवलेले पदार्थही नेऊ देत नाहीत, तेव्हा लाडवांचा डबा आत्याकडेच रिकामा करायचा. जेवणात शाकाहारी वेगळं असतं, कांदा-लसणाशिवायचंही मागितलं की देतात. बाबांना भात-पोळी-भाजी, दही मिळेल. गोडाच्या टेबलाकडे मात्र मी त्यांच्यासोबत जाणार.

आणि आता ज्यासाठी मी हे जहाज निवडलं ते. मुरगाव बंदर झुआरीच्या मुखाशी आहे. तिथून फोंड्याला जाताना कुठ्ठाळी लागते. जिथून 1560 मध्ये मंगेशाला हलवून प्रियोळला नेलं तीच कुठ्ठाळी. आपली शांतादुर्गाही त्याच बाजूच्या केळशीतून फोंड्याजवळच्या कवळ्याला गेली. पोर्तुगीजांच्या राज्यात देवळं पडत होती, तेव्हा लोकांनी देवांना घेऊन नदीपलीकडे नेलं. कवळ्याचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं, 1738 चं. आपले पूर्वज होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले आणि कुलदेवी इतकी लांब राहिली. आई, तू सासरी आल्यापासून एकदा कवळ्याला ओटी भरायची म्हणतेस. आधी आम्ही लहान, मग आजीचं आजारपण, मग बाबांचे गुडघे. दर नवरात्रात तू तेच म्हणतेस आणि दर नवरात्रात मला गलबलून येतं. गाडीनं इंदूरहून गोवा आता बाबांना झेपणार नाही, पण जहाज आपल्याला देवीच्या दारापासून तासा-दीड तासावर आणून सोडतं.

त्या दिवशी सकाळी जहाज लागल्या लागल्या निघायचं. टॅक्सी मी आधीच ठरवली आहे. रविवार आणि नाताळचा आठवडा, रस्त्याला गर्दी असणार. आपण स्वतःच्या टॅक्सीनं गेलो आणि उशीर झाला तर जहाज थांबणार नाही, त्यामुळे दर्शन, ओटी, देवळाच्या आवारात थोडं बसणं, आणि दिलेल्या वेळेच्या निदान दोन तास आधी बंदरावर परत. मंगेशी जमलं तर जाऊ, नाही तर नाही. समुद्रकिनारे मुलांना पुढे कधीतरी दाखवू. खण आणि नारळ तू इंदूरहूनच आण, राजवाड्याजवळच्या तुझ्या नेहमीच्या दुकानातला खण, हिरवा.

जाताना वाटेत घरांवर कागदी चांदण्या लटकवलेल्या दिसतील, अंगणात येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे मांडलेले असतील. लहानपणी बाबा आम्हा दोघी बहिणींना स्कूटरवरून व्हाइट चर्चला गोठा बघायला न्यायचे ते तुम्हाला आठवत असेल. "नाताळ आपला कुठे" असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. जहाजावरही मोठं झाड असतं, लाल डगल्यातला सांताबाबा मुलांना खाऊ देतो, रात्री गाणी आणि नाच. त्याचा आवाज फार होतो, खरंच फार. आपण तेव्हा वरच्या डेकवर जाऊ. तुमचा नातू मात्र सांताबाबाला सोडणार नाही.

बाबा, निघताना तुम्ही डाव्या बाजूला उभं राहायचं. मुंबईतून बाहेर पडून जहाज दक्षिणेला वळलं की उजेड असला तर खांदेरी-उंदेरी दिसतील. खांदेरी शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या नाकासमोर बांधायला घेतला. 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे, आणि सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही. हे चारही याच किनाऱ्यावर आहेत. तुम्ही कान्होजी आंग्र्यांच्या गोष्टी मला इंदूरच्या गच्चीत सांगितल्यात, जिथून चारी दिशांना शेकडो मैल जमीनच होती. आता त्या माझ्या मुलांना समुद्रावरून सांगा. माझ्याकडून त्यांना तशा सांगता येत नाहीत.

पैशांचं. नाताळच्या आठवड्यात भाडं वर्षातलं सर्वांत चढं असतं, बंदराचे पैसे, कर आणि नोकरमंडळींची बक्षिसी वेगळी. हे तुमच्यापासून लपवत नाही. पण आम्ही दोघांनी त्यासाठी वर्षभर बाजूला टाकले आहेत आणि तुमच्या पेन्शनीतला रुपयासुद्धा मला नको. माझ्या कॉलेजच्या फीसाठी बाबांनी फंडातून पैसे काढले तेव्हा मला विचारलं नव्हतं. तसं मीही विचारत नाही आहे.

काही बारीकसारीक. मोठं सामान केबिनपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून औषधं, चष्मे, कवळीची डबी आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. गोळ्या दहा दिवसांच्या घ्या. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, त्याचं बिल वेगळं येतं, म्हणून विमा मी काढते. किनारा सुटला की फोनची रेंज जाते आणि जहाजावरचं नेटवर्क फार महाग असतं, त्यामुळे मावशीला आधीच सांगून ठेव की शुक्रवार रात्रीपासून तुझा फोन लागणार नाही, नाहीतर ती घाबरेल. संध्याकाळी डेकवर वारा बोचतो: बाबांना मफलर आणि तुला ती तपकिरी शाल.

केबिन मी येत्या शनिवारपर्यंत धरून ठेवली आहे. दोघांच्या आधार कार्डांचे फोटो, पुढून आणि मागून, शेजारच्या मुलाकडून व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगा. बाबांची डॉक्टरांची चिठ्ठी पण, नवी, दिवाळीनंतरची. नावं आधारवर आहेत तशीच लागतात. आईचं अजून माहेरच्या स्पेलिंगनं असेल तर मला लगेच कळवा, म्हणजे तिकिटावर तेच घालते.

मुलं तुम्हाला नमस्कार सांगताहेत. जावयांचाही नमस्कार.

तुमची
धाकटी