हार्डवेअर शिकवायचे तर आधी पॉवर सप्लाय उघडा

संपादक महोदय,

दहावीनंतर जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच मुले ‘कॉम्प्युटरचे शिकायचे’ म्हणून आयटीआयला ‘कोपा’ भरतात आणि वर्षभराने दुरुस्तीच्या दुकानात काम मागायला येतात. कोपा हा ऑपरेटर व प्रोग्रॅमिंग सहायकाचा ट्रेड आहे. दुरुस्ती शिकायची असेल तर एक वर्षाचा कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स किंवा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक भरावा.

आमची खरी तक्रार शिकवण्याच्या क्रमाबद्दल आहे. अनेक खासगी क्लासमध्ये असेंब्ली आणि विंडोज टाकण्यातच महिने जातात. खान्देशात मशीन बंद पडते ते बहुतेक पॉवर सप्लायपायी. व्होल्टेज कमी-जास्त होते, मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, आणि जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरचा पंखा कापसाच्या तुसाने गच्च भरतो. सप्लायमधल्या कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या भागाचे) तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. मग तो फुगणारच.

साध्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, 230 व्होल्ट एसीचे रेक्टिफायरनंतर (एसीचे डीसी करणाऱ्या भागानंतर) सुमारे 325 व्होल्ट डीसी होतात, आणि प्लग काढला तरी ते मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ राहतात. ते पेचकसाने शॉर्ट करायची सवय फार वाईट. ठिणगी उडून ट्रॅक जळतो, कधी बोटेही. होल्डरमधल्या 100 वॉटच्या बल्बने किंवा 10 वॉटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करावा, मीटरने खात्री करावी, मगच हात लावावा.

फ्यूजची काच आतून काळी झाली असेल तर रेक्टिफायरचा ब्रिज किंवा मॉस्फेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट असण्याची दाट शक्यता. इथे नुसता मॉस्फेट बदलून थेट मेनवर लावला तर तो पुन्हा उडतो, कारण त्याच्यासोबत त्याच्या सोर्स पायाचा कमी ओहमचा रेझिस्टर किंवा त्याला चालवणारा पीडब्ल्यूएम आयसीही अनेकदा गेलेला असतो. म्हणून पहिली चाचणी सिरीज बल्बवरच, म्हणजे मेन आणि सप्लायच्या मध्ये बल्ब जोडून. बल्ब क्षणभर लागून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. (फ्यूजला तार गुंडाळणाऱ्यांबद्दल न बोललेलेच बरे.)

पुढे सप्लायच्या मदरबोर्डकडे जाणाऱ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडून सप्लाय सुरू करावा आणि 12 व्होल्टच्या लाइनवर मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब लोड म्हणून लावावा. विनालोड 12 दाखवणारी लाइन लोडवर 11.4 च्या खाली गेली, तर आउटपुटचे कपॅसिटर तपासावेत. साध्या मीटरवर त्यांची कपॅसिटी कधी कधी बरोबरच दिसते. वाढलेला ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) मात्र ईएसआर मीटरच दाखवतो.

पालकांनी फी भरण्याआधी क्लासचे टेबल बघावे. प्रत्येक मुलामागे मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे का? सिरीज बोर्ड आहे का? उघडायला भंगारातले चार-पाच एसएमपीएस तरी मिळतात का? नसतील तर ती फी वाचवून मुलाला आयटीआयलाच घालावे आणि पुढे अप्रेंटिसशिपचा अर्ज भरावा.

— दुरुस्ती व्यवसायातील काही कारागीर, अमळनेर