आप्पांना एक फोन कर

प्रिय बंड्या,

राम राम. दिवाळीपासून फोन नाही केला, शिव्या देशील तर दे. इकडे सगळे बरे, आईचे गुडघे चालूच आहेत.

विषय तरवडाचा आहे, हसू नको भो. "माळावरचं झुडूप अंगणात लावणारा एकतर येडा नाहीतर बॉटनीचा मास्तर" असं तूच बोलला होता, आणि निर्गुडी लाव म्हणून माझ्याशी भांडला पण होता. मी तरवडच लावलं. बी लई टणक, गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेरलं, पहिल्या उन्हाळ्यात थोडं पाणी आणि नंतर काहीच नाही. जळगावच्या ४५ डिग्रीत शेजाऱ्यांचं लॉन रोज नळी लावूनही पिवळं पडलं, आपलंही पिवळंच, पण फुलांनी! बकरी तोंड लावत नाही म्हणून कुंपणाचा खर्च पण वाचला. फुलात मध नसतो, नुसता पराग, तरी तो मोठा काळा भुंगा येतो आणि फूल धरून असा गुणगुणतो की पराग झडतो.

आता खरी भानगड. पानांवर हिरव्या अळ्या आल्यात, त्या पांढरट पोपटी फुलपाखरांच्या, आणि पानांची पार चाळणी झाली. मला वाटलं चला, ज्याच्यासाठी लावलं ते झालं. तेवढ्यात आप्पा गावाहून आले. त्यांना अळी म्हणजे अळी, २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेव्हापासून तर विचारूच नको. मी सांगतोय की ही तरवड-टाकळ्यावर जगणारी, कपाशीकडे ढुंकून बघत नाही, पानं परत फुटतात, तर म्हणतात "कातडं कमवायला साल विकायची असती तर ठेवलं असतं, हे काय कामाचं?" रविवारी फवारणीवाला सांगून ठेवलाय त्यांनी. आणि मला आप्पांशी भांडता येत नाही, त्या साली ते किती दिवस शेताकडे गेले नव्हते हे तुला माहितीये, दुसऱ्या कोणाला काय सांगू.

तुझं ते ऐकतात, पहिल्यापासून. रविवारच्या आत फोन कर. कपाशीचा विषय तू काढू नको, भुंग्याचं सांग, नाहीतर पंप अंगणात मारला तर नातवंडं तिथंच खेळतात एवढंच सांग.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, पोरीचा दहावीचा निकाल कळव. भरीत खायला ये एकदा.

तुझाच,
पिंट्या