प्रश्न आधी, पीडीएफ नंतर

अमळनेर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

प्रकल्पाचा विषय कळला : ‘अहिराणी बोली : काल, आज आणि उद्या’. पंधरा पानांत यातला ‘काल’सुद्धा मावायचा नाही, आणि ‘उद्या’ला तर पीएच.डी.वालेही हात लावत नाहीत. विषय बाजूला ठेव आणि एक प्रश्न घे. त्यात ठिकाण, माणसं आणि वय आलं पाहिजे. उदाहरणार्थ, ‘अमळनेर तालुक्यातल्या ज्या घरांत आजी-आजोबा अहिराणी बोलतात, तिथली दहावीची मुलं घरात कुणाशी कोणत्या भाषेत बोलतात?’ एवढं ठरलं की उतरवून घेतलेल्या पीडीएफपैकी निम्म्या आपोआप गळतील.

शोधताना शब्दांची यादी आधी कागदावर कर. ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ अशी दोन्ही लेखनं चालतात; एकच टाकलंस तर दुसरीकडचं सगळं निसटेल. ‘अहिराणी’, ‘खानदेशी’, ‘बोली’, ‘मातृभाषा’ हे शब्द आलटून पालटून जोड. इंग्रजी स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हेची आहेत, तीही करून पाहा. शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचता येतात, पण तिथे एक अडचण हटकून येते. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या प्रबंधात मराठी शब्द शोधलास तर काहीच सापडत नाही, कारण आत युनिकोडची, म्हणजे कुठल्याही संगणकाला ओळखता येणारी, अक्षरं नसतात. शब्द प्रबंधात नाही असं त्यावरून समजू नकोस. अनुक्रमणिका उघड आणि डोळ्यांनी शोध. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची तर आधी वाच. पाच प्रबंधांत एकच पुस्तक पुन्हा पुन्हा आलं तर ते तुला वाचावंच लागणार.

सगळं काही नेटवर नाही. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून आहे. तिथे जाशील तेव्हा महाविद्यालयाचं पत्र घेऊन जा आणि काय हवंय ते नेमकं सांग. ‘अहिराणीवर काही आहे का?’ असं विचारलंस तर समोरच्याने काय काढून द्यायचं?

आता आकड्यांचं. इथे घाई केलीस की फसलीस. 2001 च्या जनगणनेत ‘खानदेशी’ भाषिक सुमारे 20 लाख 75 हजार होते, 2011 मध्ये सुमारे 18 लाख 60 हजार. लगेच ‘अहिराणी मरते आहे’ असं लिहावंसं वाटेल. थांब. पहिली गोष्ट, ‘खानदेशी’ हा गट आहे. अहिराणी त्यातली एक, तिचा वेगळा आकडा मातृभाषांच्या तक्त्यात बघावा लागतो. दुसरी, प्रगणक तोंडी उत्तर लिहून घेतो. घरात अहिराणी बोलणारा माणूस मातृभाषा ‘मराठी’ सांगू शकतो. तेव्हा बोलणारे घटले की सांगणारे घटले, हे या आकड्यावरून ठरत नाही. तेवढंच लिही, शंका लिहिली म्हणून कुणी गुण कापत नाही. (कापलेच तर मला सांग.)

जिल्ह्याच्या आकड्यांतही असाच खड्डा आहे. नंदुरबार 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. 1991 चा धुळे आणि 2001 चा धुळे हे दोन वेगळे प्रदेश आहेत. तुलना करायची तर 2001 चे धुळे-नंदुरबार एकत्र धर. 1906 च्या आधीच्या कागदांत तर सगळा एकच खानदेश जिल्हा. ब्रिटिशकालीन भाषाअभ्यासक ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी मराठीच्या खंडात नाही, 1907 च्या भिल्ली भाषांच्या खंडात आहे. ते वर्गीकरण त्या काळचं, म्हणून ‘ग्रियर्सनच्या मते’ हे दोन शब्द वाक्यात राहू देत.

लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू नकोस. आधी सारांश, मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, मग तक्ते आणि निष्कर्ष. कामाचा वाटला तरच संशोधनपद्धतीचा भाग नीट वाच : किती जणांना विचारलं, कुठे, कसं. बारा जणांना विचारून अख्ख्या खानदेशाविषयी बोलणारे लेख तुला भेटतील.

टिपण काढताना वहीच्या पानाचे तीन भाग कर. पहिल्यात लेखकाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह. दुसऱ्यात तेच तुझ्या शब्दांत, पुस्तक मिटून. तिसऱ्यात तुझा प्रश्न किंवा शंका. हे वेगळं ठेवलं नाही तर महिन्याभराने कोणतं वाक्य कुणाचं ते तुलाच कळत नाही. वाङ्मयचौर्य बहुतेक वेळा असंच घडतं. यूजीसीचा 2018 चा नियम 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानतो, म्हणून दीड पान उचलायची मुभा मिळाली असा अर्थ काढू नकोस. संदर्भाची लेखनपद्धत एमएलए की एपीए हे सरांना पहिल्याच आठवड्यात विचार. लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशक, पान वाचतानाच उतरवून ठेव. एआयने दिलेला संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नकोस. नसलेली पुस्तकंही तो ऐटीत सांगतो. डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) दिला असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून बघ.

प्रश्नावलीत ‘तू अहिराणी बोलतोस का?’ हा प्रश्न नकोच. प्रमाण मराठीत विचारणाऱ्या अनोळखी मुलीला पोरं ‘नाही’ म्हणतील. त्याऐवजी ‘आजीशी? आईशी? भावाशी भांडताना? फोनवर मामाशी?’ असं एकेक विचार. आधी तीन घरांत करून बघ. ज्या प्रश्नाला तिघं गोंधळतील तो बदल. मग तीस घरं पुरेत, पण निष्कर्ष ‘या 30 घरांपैकी’ असाच मांड, टक्केवारी नको.

आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरभेटीला जाऊ नकोस. आई-बाप शेतात, पोरं शाळेत, दाराशी फक्त म्हातारी माणसं सापडतील. संध्याकाळी सातनंतर जा, सोबत मैत्रीण घे. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा दिवाळीच्या आधी पाठव, लाल पेन काढून बसतो.

तुझे
आप्पा