शुक्रवारच्या एका गाण्याबद्दल, काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्हाला एकट्याला लिहिलं असतं तर अर्धं वाचून 'असू दे गं, पुढचं ऐक' म्हणून मोकळे झाला असतात. चार लोकांदेखत आभार मानले की ते असे झटकता येत नाहीत.

तुमची माझी ओळख मैत्रिणीचे वडील म्हणून. तुम्ही गात नाही, वाजवत नाही, आणि 'मला यातलं काही कळत नाही' हे तुमचं लाडकं वाक्य. (ते साफ खोटं आहे, पण आज तो वाद नको.) दर शुक्रवारी सकाळी आम्हा सात-आठ जणांना तुम्ही एक ध्वनिमुद्रण पाठवता. एकच. खाली तीन ओळी: हे कुठलं, कोण वाजवतंय, कान कुठे ठेवायचा. 'अप्रतिम', 'निःशब्द' आणि 'अंगावर काटा' या तिघांना बंदी. तीनदा ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही आणि रविवारच्या आत तर मुळीच नाही.

या मंडळात मी आले तेव्हा माझं ऐकणं जवळपास बंद पडलेलं होतं. कानात दिवसभर काहीतरी वाजत असायचं, पण ते सगळं कॉलेजच्या वयात ठरून गेलेलं. हाताशी जगभरचं संगीत, आणि मी त्याच त्या गाण्यांच्या ओसरीवर बसलेली. नवीन काही लावलं तरी पहिल्या अर्ध्या मिनिटात बोट पुढच्या गाण्यावर. कशाला नाही म्हणतेय हेही कळत नसे.

तुमचा पहिला तुकडा आठवतोय का? झिंबाब्वेतल्या शोना लोकांचं एम्बिरा. लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी आणि एका तर्जनीनं वाजवायचं वाद्य, भोवती मोठ्या भोपळ्याचं कवच. मला ते बिघडलेलं वाटलं होतं. प्रत्येक सुरामागे एक खरखर, जणू मुद्रणातच दोष आहे. तुमची तिसरी ओळ होती: 'खरखर मुद्दाम आहे, तिच्याकडेच लक्ष दे.' मग शोधलं तेव्हा कळलं की भोपळ्याला आणि फळीला शिंपले नाहीतर बाटल्यांची बुचं बांधलेली असतात, ती थरथरावीत म्हणूनच. स्वच्छ सूर त्यांना अपुरा वाटतो. दुसऱ्यांदा ऐकताना एकदम तानपुरा आठवला. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आपण जवारी लावतो ती तरी दुसरं काय करते? तार घोडीला घासत राहावी, सुराला काठ फुटावेत, यासाठीच तर ती खटपट. इतकी वर्षं तानपुरा ऐकूनही त्याची घरघर मी कधी 'ऐकली' नव्हती. ती झिंबाब्वेहून ऐकून आले.

तुमच्या निवडीचं मर्म मला तेव्हा थोडंसं कळलं. तुम्ही परकं काहीतरी पुढे ठेवता आणि त्यातली एक खुंटी अशी दाखवता की जिला आपला ओळखीचा अंगरखा टांगता येतो.

ग्रीसमधल्या कालामातियानोस या नाचाच्या वेळी तर तुम्ही तेवढीही मदत केली नाहीत. फक्त लिहिलंत, 'मात्रा मोज.' मोजल्या. सात. तीन-दोन-दोन. म्हणजे थेट आपला रूपक ताल! मी हातावर ताल धरून बसले आणि तरीही काहीतरी अडत होतं. आपल्या रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर येते, तिथे टाळी न पडता हात उघडा पडतो. त्यांच्याकडे त्याच जागी पाऊल दाबून पडतं. विभागणी तीच आणि सुरुवातीचं वजन नेमकं उलटं. हे रविवारी मी लिहिलं, त्यावर तुमचं उत्तर एका शब्दाचं होतं: 'बरोब्बर.' त्या शब्दाचा आनंद मला शाळेतल्या कुठल्या बक्षिसानं झाला नव्हता.

सगळं जुळत गेलं असं मात्र नाही. इंडोनेशियातल्या बाली बेटाचं गामेलान, म्हणजे धातूच्या वाद्यांचा ताफा, तुम्ही पाठवलंत तेव्हा मी पहिल्या ऐकण्यातच डोकं धरलं. नुसता धातूचा कल्लोळ. तिथली वाद्यं जोडीनं बनवतात आणि जोडीतलं एक जरासं चढं, दुसरं जरासं उतरं ठेवतात, हे मला तुमच्यामुळे समजलं. दोन्ही एकदम वाजली की दोन कंपनसंख्यांमध्ये जेवढा फरक, तेवढे ठोके दर सेकंदाला हवेत उमटतात. एक २०० आणि दुसरं २०७ असेल, तर सेकंदाला सात. तो आवाज थरथरत, लखलखत राहतो तो यामुळे. आपल्याकडे दोन तंबोरे असे लागले तर मैफल थांबवून लावून घेतील. तिथे जोडी तंतोतंत एका सुरात लागली तर ती मेली म्हणायची. तिसऱ्या ऐकण्याला मला ते ठोके सुटे ऐकू आले आणि डोकं धरलेला हात खाली आला.

तीनदा ऐकायचा नियम तुम्ही कुठून आणलात ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती लोकांना अधिक आवडू लागते. त्यानं ते निरर्थक शब्दांवर, अनोळखी चिन्हांवर, चेहऱ्यांच्या फोटोंवर करून पाहिलं. तुम्ही आमच्यावर करता. एक बारीक तक्रार मात्र नोंदवते: तुमच्या त्या किंचाळणाऱ्या सॅक्सोफोनवर झायन्स हरला. तीनदा ऐकलं, पाचदा ऐकलं, नाही म्हणजे नाही. 'नाही आवडलं' हेही मत आहे, मात्र कुठल्या मिनिटाला नाही आवडलं ते सांग, असं तुम्ही म्हणालात. मी सांगितलं, आणि ते सांगता सांगता त्या तुकड्याबद्दल मी आवडत्या गाण्यांबद्दलही कधी बोलले नव्हते इतकं बोलले. ते काय कमी झालं?

आता कुणी म्हणेल, एवढ्यासाठी काका कशाला लागतात, यंत्र हेच काम करतं. करतंच. स्पॉटिफाय जुलै २०१५ पासून दर सोमवारी प्रत्येकाला त्याच्या त्याच्या आवडीची तीस गाणी काढून देतं. लाखो लोकांच्या याद्यांमध्ये कुठली गाणी एकमेकांच्या शेजारी बसतात ते पाहायचं आणि तुझ्यासारखं ऐकणाऱ्यांकडे असलेलं, तुझ्याकडे नसलेलं तुझ्यापुढे सरकवायचं, हा त्यातला एक मोठा भाग. मी तेही ऐकते, त्यातून चांगलं काही सापडलेलंही आहे. पण ते यंत्र मी कालपर्यंत कशी होते यावर चालतं. एम्बिरा आवडण्यासारखं माझ्या यादीत काहीच नव्हतं, तेव्हा ते माझ्या वाट्याला आलंच नसतं. आणि तीस म्हणजे फार झाली हो. तीसमधलं एक नावडलं तर पुढे जाता येतं. एकच असलं की त्याच्यासमोर बसावं लागतं, विशेषतः रविवारी कुणीतरी विचारणार आहे हे माहीत असताना.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात, १० जुलै २०१५ पासून, जगभर नवं संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करायचं असं ध्वनिमुद्रण उद्योगानं ठरवलं. तुमचाही वार शुक्रवार. कंपन्या त्या दिवशी ताजं काढतात आणि तुम्ही पन्नास वर्षांपूर्वीचं. तुमच्या लेखी नवं म्हणजे आमच्या कानाला नवं. ते कधी वाजवलं गेलं याच्याशी कर्तव्य नाही.

'कोण वाजवतंय' या दुसऱ्या ओळीवरून तुम्ही सगळ्यात जास्त रागावता. गायकाचं नाव देऊन तबलजीचं गाळलं की तुमचा फोन आलाच. सुरुवातीला मला हा हट्ट वाटायचा. मग तुम्ही गायिका गौहर जानचं एक मुद्रण पाठवलंत, १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रणं सुरू झाली त्या काळातलं. गाणं संपतं आणि बाई खणखणीत आवाजात इंग्रजीत आपलं नाव सांगतात. तबकड्या तेव्हा जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना लेबल कुणाच्या नावाचं लावायचं ते कळावं म्हणून. तुम्ही लिहिलं होतं, 'तिनं सांगितलं म्हणून उरलं. तिच्यामागे सारंगी कोण धरून होतं ते शोधून दाखव.' अजून शोधतेय. पण त्या दिवसापासून गाणं सुरू होण्याआधी मी वादकांची नावं वाचते. फोनवरच्या ॲपमध्ये ती तीन पडदे आत लपवलेली असतात, आणि बऱ्याचदा तिथेही नसतात.

आणि जॉर्जिया देशाचा तो शुक्रवार. काखेती भागातलं पुरुषांचं गाणं, खाली एक सूर अखंड धरलेला आणि वर दोन आवाज एकमेकांना टाळत, भिडत चाललेले. खालचा धरलेला सूर आम्हाला परका वाटणं शक्यच नव्हतं. पण तुमची खरी चाल पुढे होती. 'हे गाणं ज्या तबकडीवर आहे तिच्यावर आपल्या घरचं कोण आहे?' तबकडी म्हणजे १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेली. सत्तावीस रचना, दीड तासाचं संगीत, त्यात बाख, त्यात चक बेरी, त्यात हे जॉर्जियन गाणं आणि त्यात केसरबाई केरकरांची भैरवी. केसरबाईंचं मला माहीत होतं, पण ती एक अभिमानाची बातमी म्हणून. शेजारी कोण बसलंय हे कधी पाहिलंच नव्हतं. त्या आठवड्यात ती सगळी यादी ओळीनं ऐकली. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि मंडळींनी कुणी ऐकेल की नाही याचा पत्ता नसताना निवडलेली यादी! काका, तुमची निदान सात-आठ तरी गिऱ्हाइकं आहेत.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट आता सांगते. काही महिन्यांनी तुम्ही जाहीर केलंत की यापुढे पाळी लागेल, दर आठवड्याला वेगळ्यानं आणायचं. माझी पाळी आली आणि मला घाम फुटला. ऐकणाऱ्याला 'आवडलं, नाही आवडलं' एवढ्यावर सुटता येतं. आणणाऱ्याला आधी स्वतःला विचारावं लागतं की हेच का. मी तुम्हाला चार नावं पाठवून निवडायला सांगितलं. तुम्ही निवडलं नाहीत. 'आवडलेलं नको. जे संपल्यावर दुसऱ्यांदा लावावंसं वाटलं आणि का ते कळलं नाही, ते आण.'

त्या कसोटीवर चारही गळली. पाचवी उरली ती इथिओपियाची पियानो वाजवणारी जोगीण, एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू. जन्म १९२३, मृत्यू २०२३. २००६ साली 'एथिओपिक्स' या मालिकेच्या एकविसाव्या खंडात तिच्या वादनाचं संकलन आलं, तेव्हा ती ऐंशी ओलांडलेली होती. युरोपी वाद्य, हातही युरोपी शिस्तीत तयार झालेला, पण चाल अशी की मात्रा धरायला जावं आणि ती हळूच बाजूला सरकावी, आपल्या आलापासारखी. तीन ओळी लिहायला मला चार दिवस लागले. तिसरी ओळ शेवटी अशी झाली: 'डाव्या हातानं ताल धरू नका.' रविवारी सगळ्यांनी त्याच जागेबद्दल लिहिलं. आपण दाखवलेल्या जागी सात माणसांचे कान एकाच आठवड्यात जाऊन आले, हे कळल्यावर कसं वाटतं ते तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही ते सुख एकट्यानं भोगत बसला असतात तरी आम्ही काही बोललो नसतो. तुम्ही ते वाटायला काढलंत. त्याबद्दल, काका, मनापासून आभार.

तेव्हापासून माझं आठवडाभराचं ऐकणं बदललंय. काही कानावर पडलं की आता पहिला विचार येतो, हे कुणाला द्यावं, आणि त्याला कुठे थांबवावं. ज्यांना ढोल लागतात त्यांची नावं वेगळी, ज्यांना शब्दांशिवाय चैन पडत नाही त्यांची वेगळी. मंडळातल्या ज्या बाई दरवेळी फक्त हवेची वाद्यं आणतात त्यांच्यासाठी एक बासरी मी दोन महिन्यांपासून राखून ठेवली आहे. पाळी येऊ दे.

प्रकृतीची काळजी घ्या. सर्वांना नमस्कार.

तुमची,
मैत्रीण नंबर दोन (पहिलीला हे पत्र दाखवू नका, ती अजून एकदाच ऐकते)

ता. क. : परवाच्या तुकड्यात चौथ्या मिनिटाला जे तारवाद्य येतं ते अरबी ऊद नव्हे, इतकं कळलं. बाकी सांगू नका, रविवार अजून लांब आहे.